साताऱ्यात जिओपार्क हवंय? डायनासोरचे ठसे शोधू नका, आधी ही कागदपत्रं जमवा

‘आमच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, मोठ्या पावलांसारखे खळगे आहेत, डायनासोरचे असतील तर जिओपार्कसाठी अर्ज करता येईल का?’ पाचगणी-महाबळेश्वरकडची मंडळी हे मनापासून विचारतात, म्हणून आधी त्याचंच उत्तर. जिओपार्क म्हणजे खडक आणि भूरूपांचा वारसा जपण्यासाठी स्थानिकांना सोबत घेऊन चालवलेलं क्षेत्र; त्याला दर्जा युनेस्को देते.

ते खळगे डायनासोरचे नाहीत. पाऊल उमटून टिकायला ओला चिखल किंवा वाळू लागते आणि वर गाळाचा थर बसावा लागतो. जैसलमेरजवळच्या थैयातचे ठसे अशाच गाळाच्या खडकात मिळाले. आपला जिल्हा उभा आहे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हावर. कोयना भागात संशोधनासाठी खोल विंधन घेतलं, तेव्हा सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली (थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाखाली) थेट ग्रॅनाइटी पाया लागला. मधे गाळाचा खडक नाहीच. पाचगणीच्या टेबललँड पठारावरचा जांभ्याचा तुकडा हातात घ्या: बोट जाईल एवढी भोकं, तळव्याला तांबूस भुकटी. लाखो वर्षांच्या पावसानं बेसाल्टमधली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. खळगेही त्याच झिजेचे. माझ्या मते लाव्हाची आणि जांभ्याची ही गोष्टच अर्जाचा खरा कणा आहे.

युनेस्को ग्लोबल जिओपार्कसाठी सीमा ठरलेलं एकसंध क्षेत्र लागतं आणि तिथला भूवारसा आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा असावा लागतो. त्याहून अवघड अट पुढची आहे. कायद्यानं मान्य असलेली व्यवस्थापन संस्था, तिची माणसं, तिचा आराखडा आणि पैसा हवा, आणि अर्जाआधी किमान एक वर्ष जिओपार्क म्हणून काम चाललेलं हवं. नुसते फलक लावून भागत नाही. संस्थेला खनिजं किंवा जीवाश्म विकण्यात थेट भाग घेता येत नाही. घाटरस्त्यावर झिओलाइटचे (बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या खनिजाचे) स्फटिक विकले जातात, तेव्हा हा मुद्दा आपल्याकडे येणारच.

एक गल्लत टाळा. ‘पाचगणी आणि महाबळेश्वर इथले डेक्कन ट्रॅप’, म्हणजे दख्खनचे हेच लाव्हाथर, सप्टेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेले. ती प्रक्रिया वेगळी. त्यानं जिओपार्कचा अर्ज आपोआप होत नाही.

कागदपत्रांत मुख्य प्रस्ताव, जास्तीत जास्त ५० पानांचा. सोबत स्वयंमूल्यांकन तक्ता, मोठ्या प्रमाणावरचा नकाशा, भूशास्त्र आणि भूगोलाचा एक पानी गोषवारा, परिसरावरच्या भूवैज्ञानिक लेखनाची सूची, स्थानिक आणि प्रादेशिक शासनसंस्थांची संमतीपत्रं आणि युनेस्कोसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचं पाठिंब्याचं पत्र. अर्जही त्याच अधिकृत मार्गानं जातो. गावानं परस्पर पाठवलेला चालत नाही.

इरादापत्र १ जुलैपर्यंत, पूर्ण प्रस्ताव १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर. पुढच्या वर्षी कागदी छाननी, मग जास्तीत जास्त दोन परीक्षक प्रत्यक्ष पाहणीला येतात. त्यांचा खर्च अर्जदाराकडे, तेव्हा तरतूद आधीच करा. दर्जा मिळाला तरी चार वर्षांचा. फेरतपासणीत हिरवं कार्ड म्हणजे आणखी चार वर्षं, पिवळं म्हणजे सुधारायला दोन, लाल म्हणजे दर्जा गेला.

सुरुवात मात्र गावातूनच करा. ग्रामसभेचा ठराव घ्या, सीमेतले गट नंबर नकाशावर टाका, वनजमीन असेल तर वनविभागाशी आधीच बोला. आणि त्या ग्रामसभेला रस्त्यावर स्फटिक विकणाऱ्या घरांनाही आवर्जून बोलवा. नियमाचा पहिला फटका त्यांच्या पोटाला बसेल, आणि कुठल्या कपारीत काय सापडतं हेही त्यांनाच नेमकं ठाऊक असतं.