मावळा साच्यातून सुटतो कसा?

दिवाळीला आठवडा उरला होता. सोसायटीच्या कोपऱ्यात पोरांनी विटांचे तुकडे, जुनी पोती आणि बागेतली लाल माती जमवून किल्ला उभा केला होता. यंदा मावळे विकत आणायचे नाहीत, घरीच करायचे, असं त्यांचं ठरलं आणि माझा भाचा माझ्याकडे आला. रविवार पेठेतून आम्ही एअर ड्राय क्लेची, म्हणजे न भाजता नुसत्या हवेवर सुकणाऱ्या मातीची, दोन पाकिटं आणि सिलिकॉनचा एक साचा आणला. दुसरा साचा माझ्याकडे होताच. मागच्या वर्षीच्या मावळ्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून मी तो केला होता.

दोन्ही साच्यांत एकाच गोळ्यातली माती एकाच वेळी दाबली. वीसेक मिनिटांनी प्लास्टरच्या साच्याकडे पाहिलं, तर मावळ्याच्या कडेने केसाएवढी फट पडली होती. साचा हातावर उलटा केला, हलकेच ठोकला, आणि मावळा भाल्यासकट तळव्यावर आला. सिलिकॉनचा साचा वाकवून मावळा काढायला गेलो तर त्याचा भाला साच्यातच राहिला आणि चेहरा चेपला. भाच्याने विचारलं, "मावशी, माती तर एकच आहे, मग असं का?"

या प्रश्नाचं उत्तर मातीपेक्षा पाण्यात जास्त आहे.

आधी माती बघू. आपण पाकिटातून आणतो त्या एअर ड्राय क्लेचे बरेच प्रकार नैसर्गिक मातीचेच असतात; त्यात कागदाचा लगदा किंवा थोडा डिंकासारखा पदार्थ मिसळलेला असतो. पांढऱ्या मातीत मुख्यतः केओलिनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण गोल नसतात, चपट्या चकत्यांसारखे असतात आणि रुंदीला साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी भरतात, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या चकत्यांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर असतो. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहा. त्या सरकतात सहज, पण ओढून वेगळ्या करायला जोर लागतो. मातीला हवा तसा आकार देता येतो आणि दिलेला आकार ती धरून ठेवते, ते याच थरामुळे. थर फार जाड झाला की चिखल होतो, फार पातळ झाला की मळताना कडा फाटतात.

आता साचा. जिप्सम हा दगड साधारण 150 अंश सेल्सियसला भाजला की त्यातलं बांधलेलं, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतच अडकलेलं, तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि प्लास्टर ऑफ पॅरिस उरतं. (पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीत जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, त्यावरून हे नाव पडलं.) त्यात पाणी घातलं की गेलेलं पाणी परत बांधलं जातं, जिप्समचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि लगदा दगड होतो. हिशेबाने पाहिलं तर 100 ग्रॅम प्लास्टरला या कामासाठी जेमतेम 18 ते 19 ग्रॅम पाणी पुरतं. पण तेवढ्यात ते कालवताच येत नाही, म्हणून साच्यासाठी आपण 70 ग्रॅमच्या आसपास घालतो. उरलेलं 50 ग्रॅम पाणी काही दिवसांत हवेत निघून जातं आणि त्याच्या जागी सूक्ष्म भोकं राहतात. हाताला टणक लागणाऱ्या त्या साच्याचा निम्म्याच्या आसपास भाग प्रत्यक्षात पोकळ असतो! मला या गोष्टीचं आजही अप्रूप वाटतं.

ही भोकं इतकी बारीक असतात की टीपकागद शाई ओढतो तसा साचा मातीतलं पाणी ओढून घेतो. मावळ्याचा साच्याला टेकलेला थर आधी सुकतो, किंचित आकसतो आणि साच्यापासून आपणहून दूर होतो. आपण पाहिलेली केसाएवढी फट तीच. पेणला किंवा पुण्याच्या कुंभारवाड्यात शाडूच्या गणपतीला प्लास्टरचा साचा वापरतात, तेव्हा हाच गुण कामी येतो. दोन अर्धे भाग साच्यात दाबायचे, जरा ताठर झाले की काढून जोडायचे, आणि हात, सोंड, आयुधं मागाहून लावायची.

पण साच्यालाही तहानेची मर्यादा असते. लागोपाठ चार-पाच मावळे काढले की भोकं पाण्याने भरतात आणि पुढचा मावळा चिकटून बसतो. तेव्हा तेल-पावडर लावत बसण्यात अर्थ नाही, साचा दिवसभर वाऱ्यावर ठेवावा. ओव्हनमध्ये मात्र कधीही घालू नये. तापवलं की जिप्सममधलं बांधलेलं पाणीच निघू लागतं आणि साच्याच्या कडा हाताला पिठासारख्या सुटतात. आणखी एक, हे मुलांच्या आयांना मुद्दाम सांगते. प्लास्टर घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, आणि जाड थर असेल तर तो 60 अंशांच्या घरात तापू शकतो. मुलांच्या हाताचा ठसा घ्यायचा म्हणून त्यांचा हात थेट कालवलेल्या प्लास्टरमध्ये बुडवू नका.

सिलिकॉनची गोष्ट अगदी उलटी. त्याच्या रेणूचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा असतो, आणि बाहेरच्या बाजूला मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे छोटे झुबके, असतात. या गटांना पाण्याशी फारसं देणंघेणं नसतं, म्हणून फेविकॉलसुद्धा सिलिकॉनवर वाळला की सालीसारखा निघतो. मग मावळा का अडकला? कारण सिलिकॉन पाणी पीत नाही. साच्याला टेकलेली माती तासाभरानेही पहिल्याइतकीच ओली असते आणि भाल्यासारखा बारीक भाग ओढला की तुटतो. साचा चिकट नव्हता, आमची मातीच अजून नाजूक होती. यावर उपाय सोपे आहेत. माती जरा घट्ट मळावी, साच्यात कॉर्नफ्लॉवर भुरभुरून जास्तीचं झटकावं, आणि तरीही सुटत नसेल तर साचा दहा-पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे पातळ भागांतलं पाणी गोठतं आणि मावळा ताठ बाहेर येतो.

भाच्याने दुसऱ्या दिवशी पट्टी आणली. 10 सेंटिमीटरचा मावळा 9.5 भरला. पाच टक्के म्हणजे काही फार नाही, असं त्याला वाटलं. पण आकसणं लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही दिशांना होतं, म्हणून आकारमान 14 टक्क्यांनी घटतं. चकत्यांमधलं पाणी जातं आणि चकत्या जवळ येतात, एवढंच यात घडतं. त्या एकमेकींना टेकल्या की आकसणं थांबतं. पुढे फक्त भोकांतलं पाणी जातं आणि माती फिकी पडते, कारण भोकांत पाण्याऐवजी हवा आली की प्रकाश जास्त विखुरतो.

तडा जातो तो बाहेरचा थर आणि आतली माती आधी-मागे सुकल्याने. बाहेरचा थर सुकून आकसू पाहतो, आतली ओली माती त्याला आकसू देत नाही, आणि ताण सहन झाला नाही की पृष्ठभाग फाटतो. शिवाय जाडी दुप्पट केली तर आतलं पाणी बाहेर यायला वेळ साधारण चौपट लागतो. म्हणून जाड घोड्याचं पोट भरीव करू नये. चुरगळलेल्या कागदाचा गोळा आत घालून वरून पाच-सहा मिलिमीटर माती लावावी. कुंभार मातीत लीद आणि राख मिसळतात. लिदीतले गवताचे तंतू चिरेला आडवे येऊन तिला पसरू देत नाहीत. पाकिटातल्या मातीत हेच काम कागदाचे तंतू करतात.

पुण्याच्या हवेचा इथे फार संबंध येतो. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की गच्चीवर ठेवलेली वस्तू तासाभरात तडकते. त्या दिवसांत ती सावलीत, वर प्लास्टिकची पिशवी सैल टाकूनच सुकवावी आणि अधूनमधून उलटावी, नाहीतर एका बाजूने सुकून ती पापडासारखी वाकते. श्रावणात नेमकं उलट होतं. चार-चार दिवस माती ओलीच राहते आणि कागद किंवा स्टार्च असलेल्या मातीवर बुरशी धरते. पूर्वी बुकबाइंडर खळीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकत, ते याच बुरशीसाठी. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या मातीत नको. पंख्याखाली जाळीवर ठेवणं पुरतं.

फेविकॉल आणि कॉर्नफ्लॉवर शिजवून घरी करतात ती माती, जिला कोल्ड पोर्सिलेन म्हणतात, सुकताना वेगळी वागते. फेविकॉलमधले रेझिनचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या चिकट पदार्थाचे, कण पाणी गेल्यावर एकमेकांत मिसळून जातात, प्रकाश विखुरणारं काही उरत नाही, म्हणून ती सुकताना फिकी न पडता काहीशी पारदर्शक आणि गडद होते. शाडूच्या अगदी विरुद्ध! म्हणून पांढरी फुलं करायची असतील तर मळतानाच तिच्यात पांढरा रंग घालावा लागतो.

सुकलेली आणि भाजलेली माती यांत मात्र कुणी गफलत करू नये. केओलिनाइटच्या रचनेत बांधलेलं पाणी साधारण 450 ते 600 अंशांच्या दरम्यान निघतं, आणि मगच माती कायमची बदलते. नुसत्या वाऱ्यावर सुकलेली शाडू बादलीत पुन्हा चिखल होते, आणि गणपतीसाठी ते चांगलंच आहे. प्लास्टरची मूर्ती मात्र बादलीत तशीच राहते. तिच्यासाठी पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणाची पद्धत काढली. त्यात जिप्समचं रूपांतर कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट या खतात होतं. आपल्या मावळ्यांपुरतं इतकंच लक्षात ठेवायचं की त्यांना पाण्यात घालू नये, आणि कागद किंवा स्टार्च असलेल्या मातीच्या पणतीत वात पेटवू नये.

"आता रंगवू का?" हे भाच्याने त्या दिवसांत निदान वीस वेळा विचारलं असेल. आधी मी त्याला गालाला लावून बघायला शिकवलं. आत ओल असेल तर पाणी उडताना उष्णता घेतं आणि वस्तू गार लागते. पण जाड घोड्याने आम्हाला फसवलं. तो गालाला गार लागला नाही, आणि रंग दिल्यावर दोन दिवसांनी पोटावरचा रंग फुगून आला. तेव्हापासून स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आमच्या कामाच्या टेबलावर आलाय. रोज संध्याकाळी एकेक मावळा त्यावर ठेवायचा, वहीत आकडा लिहायचा, आणि लागोपाठ दोन दिवस तोच आकडा आला की रंगाची बाटली उघडायची.