धूळ मोजायला निघालं होतं कोण?

हवामानशास्त्रात धुळीच्या वादळाची व्याख्या धुळीच्या वजनावर नाही, नजरेवर बेतलेली आहे. उडालेल्या धुळीमुळे १ किलोमीटरपलीकडचं दिसेनासं झालं की निरीक्षक तशी नोंद करतो. विमानांसाठी ही नोंद मोलाची. पण माणसाच्या छातीत किती माती गेली, ते तिच्यातून कळत नाही. धूळमापनाचा बराचसा इतिहास असाच आहे. साधनं दुसऱ्याच कामासाठी उभारली गेली आणि धूळ त्यांत सापडत गेली.

जानेवारी १८३२ मध्ये चार्ल्स डार्विनचं ‘बीगल’ जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्द बेटांजवळ पोचत होतं, तेव्हा हवा धुरकट होती. डोलकाठीच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवण्यासाठी विरळ विणीचं कापड लावलेलं असे. त्या कापडातून वारा गाळला जाऊन त्यावर तपकिरी भुकटी साठली होती. डार्विनने ती पुडीत बांधून ठेवली. अशा पाच पुड्या पुढे बर्लिनच्या एरेनबर्ग या निसर्गशास्त्रज्ञाकडे गेल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याला त्यांत ६७ प्रकारचे सूक्ष्म जैव आकार दिसले. मार्च १९०१ मध्ये उत्तर आफ्रिकेपासून मध्य युरोपपर्यंत धूळ पडली, तेव्हा हेलमान आणि माइनार्डस या जर्मन हवामानशास्त्रज्ञांनी गावोगावच्या नोंदी जुळवून तिचा माग काढला.

धूळ जमिनीवरून सुटते कशी, हा कोडं घालणारा प्रश्न. त्याच्या उत्तराचा पाया घातला राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरने. मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडताना त्याला वाळूच्या टेकड्यांच्या आकारांनी झपाटलं. घरी परतल्यावर त्याने काचेच्या खिडक्यांच्या बोगद्यात वारा सोडून वाळूचे कण कसे उडतात ते पाहिलं. १९४१ मध्ये हे काम पुस्तकरूपाने आलं. अगदी बारीक धूळ वारा सहसा थेट उचलू शकत नाही. ते कण एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. आधी हलतो तो साधारण ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण. तो उडी मारतो, पुढे जाऊन आपटतो, आणखी कण उडवतो. या आदळआपटीत बारीक धूळ मोकळी होते, आणि मग तीच समुद्र ओलांडते. वाळूचं वहन वाऱ्याच्या जोराच्या जवळपास घनाच्या प्रमाणात वाढतं, हेही बॅग्नोल्डने दाखवलं. म्हणजे वारा दुप्पट झाला तर वाळू आठपट. आजच्या अंदाजांची सगळी डोकेदुखी या घनात आहे: वाऱ्याच्या अंदाजात १० टक्क्यांची चूक झाली, तर धुळीच्या हिशेबात ती ३३ टक्क्यांची होते.

अटलांटिकपलीकडच्या, कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर १९६० च्या दशकात नायलॉनच्या जाळ्या टांगल्या गेल्या, त्या अंतराळातून येणाऱ्या धुळीच्या शोधात. जाळ्यांवर बसली ती सहाराची लालसर माती. जोसेफ प्रॉस्पेरो या शास्त्रज्ञाने ही मोजणी चिकाटीने दशकानुदशकं चालू ठेवली, म्हणूनच १९७० च्या दशकात सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात पडलेल्या दुष्काळात समुद्रापार जाणारी धूळ किती वाढली, ते आकड्यांत दिसलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम हेच.

उपग्रहांचीही तीच गोष्ट. १९७८ चं ‘टॉम्स’ हे उपकरण ओझोनसाठी होतं. पण अतिनील किरणांत वाळवंट गडद दिसतं, त्यामुळे एरवी उजळ जमिनीत हरवणारी धूळ त्यात उठून दिसली. त्यातून धुळीचे कायमचे स्रोत नकाशावर आले. चाडमधला बोडेले खोलगट प्रदेश त्यांतला ठळक.

१९९० च्या दशकात स्लोबोदान निकोविच आणि इतर हवामानशास्त्रज्ञांनी धूळ सुटणं, वाहणं आणि खाली बसणं हवामानाच्या संगणकी प्रारूपांत घातलं. जागतिक हवामान संघटनेने २००७ मध्ये वाळू-धूळ वादळांच्या पूर्वसूचनेची यंत्रणा सुरू केली; बार्सिलोना, बीजिंग आणि बार्बाडोस इथे तिची प्रादेशिक केंद्रं आहेत.

तरी मोजमापं एका भाषेत बोलत नाहीत. विमानतळ अंतर सांगतो. सूर्यप्रकाश किती अडला यावरून उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेतली धूळ ताडतो; ती ३ किलोमीटर उंचीवरून जाते आहे की आपल्या नाकासमोरून, हे त्या आकड्यात नसतं. जमिनीवरचं केंद्र हवा शोषून गाळणकागदावर बसलेले १० किंवा २.५ मायक्रोमीटरहून बारीक कण तोलतं. श्वासाशी थेट नातं याच आकड्याचं, आणि नेमकी अशी केंद्रं वाळवंटांच्या कडेला फार कमी आहेत.

खास धुळीच्या स्रोतांसाठी बनवलेलं ‘एमिट’ हे उपकरण २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसलं. कोरड्या प्रदेशांतली माती कोणत्या खनिजांची आहे ते त्यातून कळतं. लोहयुक्त माती सूर्याची उष्णता जास्त शोषते, म्हणून ही माहिती हवी. गडगडाटी ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरून धुळीची भिंत उठवते, त्या वादळाचा अंदाज मात्र अजूनही निसटतो. जागतिक प्रारूपं पृथ्वीचे ज्या चौकटींत तुकडे पाडतात, त्यांतली एकेक चौकट त्या ढगापेक्षा मोठी असते, आणि भिंत दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत हाताशी उरतात ती काही मिनिटं.