जांभ्यावरचं बेळगाव, पेव्हरखालचं बेळगाव

बेळगावात पाहुणे आले की त्यांना किल्ल्यात न्यायचं, कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतातलं दगडी कमळ दाखवायचं, सफा मशिदीवरून चक्कर मारायची आणि परतताना किल्ला तलावाच्या काठावर काहीतरी खायचं, हा आपला ठरलेला क्रम. खंदकापाशी कुणी थांबत नाही. थांबलंच तर नाक मुरडून. पण या शहराच्या पोटात काय आहे ते उघड्यावर बघायचं असेल, तर त्या खंदकाच्या कडेइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

किल्ल्याचा आरंभ रट्ट राजघराण्याच्या काळात, १२०४ च्या सुमाराला, बिचिराजानं केला असं मानतात. कमल बस्तीही त्याच काळातली. नंतर धनी बदलत गेले, १८१८ मध्ये इंग्रज आले. खंदक मात्र तांबड्या दगडात खोल खणलेला होता आणि हा दगड म्हणजे आपला जांभा. जवळून बघा: लालसर तपकिरी अंगात पिवळे-पांढरट डाग, आणि करंगळी जाईल एवढी वेडीवाकडी भोकं, एकमेकांत उघडणारी. काळ्या बसाल्टवर लाखो वर्षं उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांचा मारा झाला. त्यातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर धुऊन गेली आणि लोह व अॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागं राहिली. लाल रंग त्या लोहाचा, भोकं धुऊन गेलेल्या भागाची. १८०७ साली फ्रान्सिस बुकाननानं मलबारातल्या अशाच दगडाचं वर्णन छापलं आणि तिथून तो जगाच्या भूशास्त्रात गेला. आपल्याकडचे खाणकरी तो त्याआधी कितीतरी पिढ्या चिऱ्यांत कापत होते, ही गोष्ट वेगळी.

जमिनीत असताना जांभा ओलसर आणि मऊ असतो, टिकाव सहज लागतो. उघड्यावर येऊन सुकला की त्यातली लोहाची संयुगं घट्ट होतात आणि तोच दगड टणक बनतो. खोदायला सोपा आणि खोदल्यावर कडा धरून ठेवणारा, खंदकाला याहून सोयीचा दगड शोधून सापडायचा नाही.

शहराच्या दृष्टीनं महत्त्वाची ती भोकं. जांभ्याचा सुका तुकडा घेऊन त्यावर तांब्याभर पाणी ओता, बरंचसं आत जातं. जमिनीवर तेच मोठ्या प्रमाणावर घडतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, घाटमाथ्याच्या सावलीत. वर्षाला १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते ऑक्टोबर. हे पाणी जांभ्यातून खाली उतरतं, त्याच्या बुडाशी असलेल्या चिकणमातीच्या थराशी अडतं आणि मग आडवं सरकत विहिरींत येतं. म्हणून जुन्या गल्ल्यांतल्या घरांच्या परड्यात आड असायचे, आणि पावसाळ्यात त्यांचं पाणी भराभर वर यायचं. भराभर चढणारं पाणी उन्हाळ्यात उतरतंही भराभर, हा जांभ्याचा दोष. तो झाकायचा तर पावसाचं पाणी शक्य तितका वेळ गावात थांबवायला हवं. खंदक शत्रूसाठी खणला हे उघडच आहे, पण तळ न बांधलेला, जांभ्यात उतरलेला एवढा मोठा खड्डा हे थांबवण्याचं काम न सांगता करतो. भूदृश्यरचनाकार आज ज्याला झिरप तलाव म्हणून आराखड्यात काढतो, ती वस्तू आपल्याकडं आठशे वर्षांच्या किल्ल्याभोवती पडून आहे.

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर सगळ्यांना माहीत असते, कारण १९२४ च्या अधिवेशनासाठी ती खणली आणि त्या अधिवेशनाचे अध्यक्ष गांधीजी होते. स्मारक म्हणून तिला मान आहेच. पण ती आधी विहीर आहे, हजारो माणसांना पाणी पुरवण्यासाठी काढलेली. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी नळाला आलं आणि आपण आड बुजवले. नळ कोरडे पडले त्या उन्हाळ्यांत गाळ काढायला पुन्हा जुन्याच विहिरी शोधाव्या लागल्या.

आता वरचा थर बघू. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं आणि तेव्हापासून गेल्या दहाएक वर्षांत आपण चालतो ती जमीनच बदलली. तांबड्या मातीच्या कडा जाऊन पेव्हर आले, गटारं सिमेंटची झाली. चिखल गेला, त्याचा आनंद मलाही आहे. पावसाळ्यात खडेबाजारातून पांढरा लेंगा घालून गेलेल्या कुणालाही असेल. पण हिशेब करून बघा. एका गुंठ्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं पाच हजार लिटर, म्हणजे एक पाण्याचा टँकर. झाडी-गवताच्या मोकळ्या मातीवरून त्यातलं दहा ते तीस टक्के वाहून जातं. डांबर किंवा काँक्रीटवरून ऐंशी ते पंचाण्णव टक्के. पेव्हरला फटी असतात, तेव्हा पाणी मुरेल असं वाटतं. खाली काँक्रीटचा थर टाकलेला असेल तर त्या फटींचा उपयोग फक्त गवत उगवायला.

वाहून गेलेलं पाणी कुठं जातं हे येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शेतकऱ्यांना विचारावं. बळ्ळारी नाला शिवारातून जातो आणि पुढं मार्कंडेय नदीला मिळतो. याच शिवारात बेळगावचा बासमती पिकतो. शहरातल्या छपरांवरचं आणि रस्त्यांवरचं पाणी पूर्वी मातीतून रेंगाळत नाल्याला यायचं, आता ते गटारातून एकदम येतं, वर गाळ आणि जलपर्णीनं नाला तुंबलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हाचा पाऊसच विलक्षण होता, त्याचा दोष पेव्हरवर टाकता येणार नाही. मात्र साध्या चांगल्या पावसातही भातात पाणी तुंबून राहतं, त्यात शहराचा वाटा आहे.

झाडांचं दुखणं याहून हळू दिसतं. कॅम्पातल्या रस्त्यांवर जुने वड-आंबे आहेत म्हणून तिथली हवा वेगळी वाटते, असं आपण म्हणतो. वाटते नव्हे, असते. मोठं झाड मुळांतून पाणी ओढून पानांतून वाफेच्या रूपानं सोडतं, आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास ०.६८ युनिट ऊर्जा लागते. ती झाड आजूबाजूच्या हवेतून आणि उन्हातूनच घेतं. दिवसाला शंभर लिटर पाणी उडवणारं झाड म्हणजे ६८ युनिट उष्णता शोषली गेली. दीड टनाचा एसी तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढायला तेरा तास चालवावा लागेल, आणि तो ती उष्णता गल्लीतच ओतेल. शिवाय सावली. एप्रिलच्या दुपारी उघडं डांबर ५५-६० अंशांपर्यंत तापतं, सावलीतली जमीन त्याहून ११ ते २५ अंशांनी थंड राहू शकते. तापलेलं डांबर आणि भिंती साठवलेली उष्णता रात्री सोडत राहतात, म्हणून वळीव झाला नाही तर जुन्या बाजारातल्या भिंती झोपायच्या वेळीही गरम लागतात.

पण झाडाला पाणी पानांतून मिळत नाही. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या मीटरभर मातीत पसरलेली असतात, आणि त्यांना श्वासासाठी प्राणवायू लागतो. खोडाला भिडवून पेव्हर बसवले, खाली रोलर फिरवून माती दाबली, की मातीतली हवेची जागा संपते. झाड लगेच मरत नाही. आधी शेंड्याच्या फांद्या वाळतात, मग पाचसात वर्षांनी एका वळवात ते कोसळतं आणि आपण वाऱ्याला दोष देतो. फुटपाथवर जरा वाकून बघा: खोडाची साल सिमेंटच्या कठड्यावर ओठासारखी फुगून आलेली दिसेल. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती मीटरभर अंतरातलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मोठ्या वडाला मीटरभर पुरत नाही, पण आपल्याकडं तेवढंही मिळालं तरी पुष्कळ.

ऐतिहासिक वास्तूंच्या बाबतीत चूक उलट्या बाजूनं होते. तिथं पाणी आत कोंडलं जातं. जांभ्याची किंवा जुनी चुन्याची भिंत श्वास घेते, म्हणजे आत शिरलेली ओल चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर पडते. सांध्यांत सिमेंट भरलं की ओल दगडातूनच बाहेर यायला बघते, सोबत क्षार आणते, ते पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाची पापुद्र्यांनी गळती सुरू होते. सिमेंट शाबूत, दगड खलास. सांध्यांत उगवलेला पिंपळ नुसता कापूनही भागत नाही, मुळी आत जिवंत राहिली तर पुढच्या पावसात तो दुप्पट जोरानं येतो.

कायद्यानं संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरवर नियंत्रण, हे २०१० च्या दुरुस्तीनं ठरलेलं आहे. हा नियम इमारती थोपवतो. पायवाटेखाली काय घालायचं, खंदकाचा तळ बांधायचा का, लॉन लावायची की गवताळ माती ठेवायची, हे तो ठरवत नाही. ते निविदेच्या कलमांत ठरतं. म्हणून खंदकाच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव कधी पुढं आला, तर कारंजं किती उंच उडणार हे नंतर विचारू. आधी विचारायचं ते तळाला अस्तर घालणार का, आणि घालणार असतील तर आजूबाजूच्या विहिरींची पातळी कुणी मोजली आहे का. फरसबंदी हवीच असेल तर जांभ्याचेच चिरे वाळूवर, मोकळ्या फटींनी बसवता येतात. चिरे कापणारे कारागीर सीमाभागात आणि खाली कोकणात अजून आहेत, आणि एखादा चिरा झिजला तर तेवढाच उचलून बदलता येतो.