लेन्स ‘आतून धुरकट’ झाली तर : हरिश्चंद्रगडाला कॅमेरा नेणाऱ्यांसाठी

आम्ही ट्रेकसाठी कॅमेरे भाड्याने देतो. पावसाळ्यात सोमवारी आमच्या काउंटरवर हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे, “गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावात उतरलो आणि कॅमेरा आतून धुरकट! पीस खराब होता का?”

पीस खराब नसतो. पुण्यापासून गाडीच्या एसीत गार झालेली काच दमट हवेत आली की तिच्यावर बाष्प जमतं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर जमतं तसंच. दिसतं आतून, पण बहुतेक वेळा असतं बाहेरून. काच गार आहे तोवर कितीही पुसा, पुन्हा धुरकट होणारच. टी-शर्टच्या टोकाने पुसून कोटिंगवर ओरखडे मात्र येतात.

खरा घोटाळा पुढे होतो. “आत ओल गेली असेल” म्हणून मंडळी लेन्स काढून पाहतात. कृपा करून हे करू नका. दमट हवा थेट गार सेन्सरपर्यंत जाते, थेंब वाळले की डाग राहतात. कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या उभ्या कड्यावर, तर वारा दरीतून वर येतो, सोबत ढग घेऊन. तिथे लेन्स काढलेला कॅमेरा म्हणजे ढगासमोर उघडं तोंड. तो साफ करण्यात आमचे दोन दिवस जातात आणि पुढच्या ग्राहकाचा ट्रेक बुडतो. म्हणून अशा कॅमेऱ्याच्या सफाईचे पैसे आम्ही वेगळे घेतो.

उपाय सोपा आहे. आम्ही देतो त्या झिपच्या पिशवीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसकट, कॅमेरा बंद ठेवा. वाटेतलं कोतूळ गाव मागे पडलं की एसी बंद करा. पाचनईत उतरल्यावर चहा घ्या, बूट बांधा, अर्धा तास पिशवी उघडू नका. बाष्प पिशवीवर जमेल, काचेवर नाही.

इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, टिपण्यासाठी तीन-तीन लेन्स मागणाऱ्यांना आम्ही एकच २४-१०५ मिमीची झूम लेन्स घ्या म्हणतो. आमचं भाडं त्यात कमी होतं, तरीही. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने या गडावरून पाहिलेलं ते इंद्रधनुष्य ऊन पाठीशी आणि ढग समोर खाली असतानाच दिसतं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे वेळ सकाळची. वर्तुळ वाटतं त्याहून लहान असतं, २४ मिमीवर आरामात मावतं. ढग हलला की मिटतं. लेन्स बदलत बसलात तर हुकलंच.

रविवारी रात्री परत आलेला कॅमेरा सोमवारी आम्ही कुणालाच देत नाही. तो पूर्ण दिवस ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात असतो, आणि लेन्समध्ये बॅटरीचा झोत टाकून बुरशी तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही. यावर काहीजण नाराज होतात, पण तुमच्या हाती स्वच्छ काच येते ती यामुळेच.

कॅमेरा भिजला असेल तर परत देताना तेवढं सांगा. नुसतं वाळवण्याचे आम्ही पैसे घेत नाही. शनिवारच्या ट्रेकसाठी गुरुवारी संध्याकाळी या, पिशवी कशी बंद करायची ते हातात देऊन दाखवतो.