ही साइज कोणाच्या अंगावरून काढली?

१९३९च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने बायकांची मापं घ्यायला सुरुवात केली. गृहअर्थशास्त्राचा विभाग या खात्याच्या अखत्यारीत होता, आणि तिथल्या रूथ ओब्रायन यांच्यापुढे एक अगदी व्यवहारातला प्रश्न होता. तयार कपडे विकणाऱ्या प्रत्येक कंपनीची साइज वेगळी होती. टपालाने मागवलेला कपडा अंगाला बसला नाही की परत जायचा, नाहीतर घरी उसवून पुन्हा शिवावा लागायचा. बाईचं शरीर प्रत्यक्षात कसं असतं याची मोठी, पद्धतशीर नोंद कुणाकडेच नव्हती. ओब्रायन आणि त्यांचे सहकारी विल्यम शेल्टन यांनी वर्षभरात सुमारे १५ हजार बायकांची मापं गोळा केली, प्रत्येकीची ५९. छाती, कंबर, सीट (म्हणजे नितंबांचा घेर) तर होतीच. शिवाय दंड, मांडी, मनगट, वेगवेगळ्या उंच्या आणि वजनही.

१९४१मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल कपड्यांच्या विज्ञानातला मोठा टप्पा आहे. त्यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: कोणत्याही एका मापावरून बाकीच्या शरीराचा भरवशाचा अंदाज येत नाही. छाती ३४ इंच आहे एवढं कळल्याने कंबर किती, खांदा किती, पाठ किती लांब, हे सांगता येत नाही. दोनच मापं घ्यायची असतील तर उंची आणि वजन ही जोडी सर्वांत उपयोगी ठरते, असं आकडे सांगत होते. पण दुकानात वजनकाटा कोण ठेवणार आणि कोणती बाई तिथे आपलं वजन सांगणार? त्यामुळे पुढे १९५८मध्ये अमेरिकी सरकारने साइजचं प्रमाण जाहीर केलं तेव्हा ते छातीच्या मापावर उभं राहिलं. उंचीसाठी एक अक्षर आणि सीटसाठी अधिक-उण्याचं चिन्ह जोडलं होतं, तरी पाया छातीचाच.

दुसरी अडचण याहून खोल होती. मोजणीत सामील होणाऱ्या बायकांना थोडा मोबदला मिळत असे, म्हणजे ज्यांना त्या पैशांची गरज होती त्याच जास्त आल्या असणार. आणि अंतिम हिशेबात फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली. १५ हजारांतल्या जेमतेम १० हजारच उरल्या. जिचं माप फाइलमध्ये गेलंच नाही तिच्यासाठी कपडा बेतला जाणार तरी कसा?

त्या प्रमाणाच्या मागे एक आकार गृहीत होता: भरलेली छाती, बारीक कंबर, भरलेली सीट. २०००नंतर अमेरिकेत त्रिमितीय स्कॅनरने नव्याने मोजणी झाली. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यातल्या ६ हजारांहून जास्त बायकांचे आकार तपासले. बारीक कंबरेचा तो आकार फक्त ८ टक्के बायकांचा निघाला. ४६ टक्के बायकांची शरीरं जवळपास सरळ होती, म्हणजे छाती, कंबर आणि सीट यांत फारसा फरक नव्हता. कमरेत दाटणारा आणि खांद्यावर ढगळ होणारा कुर्ता हातात धरून ट्रायल रूममध्ये उभ्या असलेल्या प्रत्येकीला हा आकडा माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकी सरकारने १९८३मध्ये ते प्रमाण रद्द केलं, पण ते सक्तीचं कधीच नव्हतं आणि आकडे त्याआधीपासूनच घसरू लागले होते. टपालाने माल विकणाऱ्या सिअर्स कंपनीच्या १९३७च्या कॅटलॉगमध्ये ३२ इंच छातीचा झगा १४ नंबरचा होता. १९६७मध्ये तेवढ्याच छातीचा झगा ८ नंबरचा झाला, आणि २०११पर्यंत शून्य नंबरचा. माप तेच राहिलं, लेबल मात्र खाली खाली येत गेलं. कारण उघड आहे: लहान आकड्यात मावलेलं गिऱ्हाईक खूश होतं. २००३मध्ये एका अभ्यासात बायकांच्या हजारावर पँट्स टेपने मोजल्या, तेव्हा महाग ब्रँडच्या पँट्स त्याच नंबरच्या स्वस्त ब्रँडच्या पँट्सपेक्षा साधारणपणे लहान भरल्या.

ही चलाखी खरंच चालते का, यावर ग्राहक मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. लहान आकड्याने माणूस स्वतःला बारीक कल्पितो आणि त्याला बरं वाटतं, असे प्रयोग आहेत. त्याहून लक्षवेधी निष्कर्ष २०१४मध्ये आला. अपेक्षेपेक्षा मोठी साइज घ्यावी लागली की बाईचा स्वतःच्या दिसण्यावरचा विश्वास डळमळतो आणि तो कपडा तिला कमी आवडतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. ती धक्का भरून काढायला दुसरं काहीतरी घेते, विशेषतः ज्याला साइजच नसते असं काही. एका आकड्याने माणसाच्या मनात एवढी उलथापालथ व्हावी, आणि तो आकडा तर कंपनीने आपल्या सोयीने छापलेला!

आता पुरुषांकडे वळू. १९५०मध्ये अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतली कपडे बेतायला उपयोगी अशी १० मापं निवडली. प्रत्येक मापात मधल्या सुमारे ३० टक्क्यांत जो येईल तो ‘सरासरी’, इतकी सैल व्याख्या केली आणि दहाही मापांत सरासरी असलेले किती, ते मोजलं. एकही नव्हता. कुणाचे हात लांब आणि पाय आखूड, कुणाची छाती रुंद आणि सीट लहान. तीनच मापं घेतली तरी तिन्हींत सरासरी असणारे साडेतीन टक्क्यांपेक्षा कमी भरले. सरासरी माणसासाठी बेतलेला कपडा अस्तित्वातच नसलेल्या माणसासाठी बेतलेला असतो, हे इतक्या स्वच्छ पद्धतीने क्वचितच कुणी दाखवलं असेल. यातून हवाई दलाने धडा घेतला तो समायोजनाचा: पट्टे, आसनं, हेल्मेट माणसाप्रमाणे कमी-जास्त करता आली पाहिजेत.

इथवर आपण स्थिर उभ्या माणसाबद्दल बोलत होतो. पण कपडा घालून माणूस वाकतो, चढतो, वर टांगलेलं काहीतरी काढतो. गुडघा पूर्ण दुमडला की त्यावरची त्वचा लांबीत ३५ ते ४५ टक्के ताणली जाते; कोपराचंही जवळपास तसंच. कापड तेवढं ताणलं जात नसेल तर एकतर ते सरकलं पाहिजे, नाहीतर आत मोकळी जागा हवी. शिंपी ही जागा अंगमापात मिळवून धरतो, त्यालाच आपण ढिलाई म्हणतो. ती दोन प्रकारची असते. श्वास घेता यावा, बसता यावं यासाठीची ढिलाई शरीर मागतं. कुर्ता झुळझुळीत दिसावा किंवा शर्ट ऐसपैस वाटावा म्हणून ठेवलेली ढिलाई आवड मागते. एकाच मापाची दोन माणसं एकच शर्ट घालतात आणि एक म्हणतो घट्ट, दुसरा म्हणतो सैल. दोघांचंही बरोबर असतं, कारण दुसऱ्या प्रकारची ढिलाई टेपने मोजता येत नाही, ती विचारावीच लागते.

मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईबद्दल, थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे सर्वसाधारण समज नेमका उलटा आहे. हात वर केला की ब्लाउज किंवा शर्ट वर चढतो. त्यावर उपाय म्हणून बरेच जण मुंढा खोल आणि सैल करायला सांगतात. पण हात फिरतो तो खांद्याच्या सांध्याभोवती. मुंढ्याचा तळ त्या सांध्यापासून जितका खाली, तितका तो हाताबरोबर मोठ्या वर्तुळात वर ओढला जातो आणि सगळा अंगचा भाग आपल्यासोबत खेचतो. मुंढा बगलेच्या जवळ, वर असेल, तर बाही फिरते आणि अंग जागच्या जागी राहतं. म्हणजे वर घेतलेला मुंढा जास्त मोकळा असतो. मात्र तो अगदी बगलेत रुतता कामा नये आणि बाहीचा आकार त्याला जुळता हवा. तयार कपड्यांत मुंढा खोल ठेवतात, कारण खोल मुंढ्यात अनेक प्रकारचे खांदे आणि दंड मावतात आणि कमी साइजमध्ये काम भागतं. आपल्या जुन्या पद्धतीच्या कुर्त्यात बगलेत कापडाचा एक चौकोनी तुकडा जोडतात. तो तिरपा बसतो, आणि विणलेलं कापड उभ्या-आडव्या धाग्यांपेक्षा तिरप्या दिशेने खूप जास्त ताणलं जातं. ज्यांनी हे शोधलं त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, पण त्यांना हालचालीचं गणित नेमकं उमगलं होतं.

१९५८मध्ये ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्सचा धागा तयार केला, ज्याला आपण लायक्रा म्हणून ओळखतो. तो मूळ लांबीच्या पाचपटीपर्यंत ताणला जातो आणि पुन्हा जागेवर येतो. जीन्समध्ये दोन-तीन टक्के मिसळला तरी फरक जाणवतो. यामुळे आराम वाढला हे खरंच. पण बेतण्यातल्या चुकाही या धाग्याने झाकल्या, असं माझं मत आहे. लेगिंग कुणालाही ‘बसते’, कारण ती ताणली जाते. ती कुणासाठी बेतलेली आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

माप जमलं तरी कापड हाताला पटलं पाहिजे. दुकानात ताग्याचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चोळणारं गिऱ्हाईक क्षणात बरंच काही तपासत असतं: वाकताना कापड किती अडतं, दाबलं की किती फुगून येतं, पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे. जपानमध्ये क्योतो विद्यापीठाच्या सुएओ कावाबाता यांनी १९७०च्या दशकात हे सगळं यंत्रावर आणलं. सुटाचं कापड वर्षानुवर्षं पारखणाऱ्या जाणकारांना त्यांनी आधी विचारलं, की तुम्ही चांगलं कापड कशाला म्हणता. त्यांच्या उत्तरांतून ताठपणा, गुळगुळीतपणा, भरीवपणा असे गुण वेगळे काढले. मग ताण, वाकणं, तिरपं सरकणं, दाब आणि घर्षण मोजणारी यंत्रं तयार केली, तीही बोटांच्या हलक्या दाबाइतकंच बल लावणारी. बोटांची पारख आकड्यांत उतरू शकते हे त्यांनी सिद्ध केलं. या कामात जाणकाराला बाजूला सारलं नाही, त्यालाच प्रमाण मानलं. म्हणून मला त्याबद्दल विशेष आदर वाटतो.

वापरणाऱ्याला न विचारल्याची फळंही दिसतात. २०१८मध्ये अमेरिकेत २० ब्रँडच्या ८० जीन्सचे खिसे मोजले गेले. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड आणि साडेसहा टक्के अरुंद होते. हाताचा पंजाही आत धड मावत नाही असे. पुढच्याच वर्षी, २०१९च्या मार्चमध्ये, अंतराळ स्थानकाबाहेर पहिल्यांदाच दोन्ही स्त्रिया असलेली जोडी काम करणार होती. दोघींनाही पोशाखाचा धडाचा कडक भाग मध्यम मापाचा हवा होता आणि तसा एकच वापरायला तयार होता. त्यामुळे दोघींपैकी अॅन मॅक्लेन यांच्या जागी पुरुष सहकारी बाहेर गेला. ती मोहीम ऑक्टोबरमध्ये क्रिस्टिना कोच आणि जेसिका मायर यांनी पूर्ण केली.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांचे तक्ते बहुतेक अमेरिकी, ब्रिटिश किंवा युरोपीय मापांवरून थोडेफार बदलून घेतलेले आहेत. नीट बसत नाही म्हणून परत जाणाऱ्या कपड्यांचं प्रमाण २० ते ४० टक्क्यांच्या घरात असल्याचं केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने म्हटलं होतं. म्हणून मंत्रालय आणि निफ्ट ही फॅशनचं शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था यांनी ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांहून जास्त स्त्री-पुरुषांची त्रिमितीय स्कॅनरने मापं घ्यायची, असा त्याचा आराखडा होता. स्कॅनर अंगाला हात न लावता काही सेकंदांत शरीराच्या पृष्ठभागावरचे लाखो बिंदू टिपतो, आणि संगणक त्यांतून मापं काढतो. बगल, मांड्यांमधला भाग अशा झाकल्या जाणाऱ्या जागा त्याला नीट दिसत नाहीत आणि श्वास, उभं राहण्याची ढब यांनीही आकडे हलतात. तरी परक्या माणसाने टेप लावण्यापेक्षा हे कितीतरी सोयीचं आहे. सहा शहरांतून आदिवासी पाड्यावरची, ऊसतोडीला जाणारी, पासष्टी ओलांडलेली, चाकाच्या खुर्चीत दिवस काढणारी शरीरंही तक्त्यात पोहोचावीत, हा आग्रह मात्र आतापासून धरायला हवा. बसलेल्या माणसाची पाठ लांब होते आणि पोट आखूड, त्यामुळे उभ्याने घेतलेलं माप त्याच्या उपयोगाचं नसतं.

तोवर ऑनलाइन कपडा घेताना एक गोष्ट जरूर बघावी. साइजचे तक्ते दोन प्रकारचे असतात: काही अंगाची मापं देतात, काही तयार कपड्याची. छाती ३८ असं लिहिलेलं असेल आणि ते कपड्याचं माप असेल, तर ३८ छातीच्या माणसाला तो चिकटून बसणार, ढिलाई शून्य. म्हणून आपला सर्वांत आवडता कुर्ता किंवा शर्ट जमिनीवर सपाट पसरून बगलेखालून, कमरेला, खांद्याला आणि बाहीला मोजावा, बगल आणि कमरेच्या मापांची दुप्पट करावी आणि ती कपड्याच्या तक्त्याशी ताडून बघावी. टेलर ‘मापाचा ब्लाउज आणा’ म्हणतो ते याचसाठी. त्या जुन्या ब्लाउजमध्ये अंगाचं माप असतं, आणि तुम्हाला किती ढिलाई आवडते तेही.