पासवर्ड मॅनेजर: आयता की वेगळा? वादामागचा इतिहास

सप्टेंबर २०२४मध्ये आयओएस १८ आलं आणि आयफोनवर ‘पासवर्ड्स’ नावाचं एक स्वतंत्र ॲप दिसू लागलं. सोय जुनीच होती, आधी ती सेटिंग्जच्या पोटात दडलेली असायची. पण चिन्ह समोर आलं आणि जुना प्रश्न पुन्हा वर आला: फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आयता पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून हवे तिथे भरून देणारी सोय, असताना वेगळ्या ॲपला दरवर्षी पैसे का मोजायचे? दहा वर्षांपूर्वी या प्रश्नाला सोपं उत्तर होतं. ते आज का उरलेलं नाही, हे कळायला दोन्ही घराणी कुठून आली ते पाहावं लागतं.

आयत्या मॅनेजरचा जन्म दुसऱ्याच कशाच्या तरी पोटी झाला. १९९३मध्ये ॲपलने पॉवरटॉक नावाची ईमेल व्यवस्था आणली. वेगवेगळ्या सेवांचे पासवर्ड एका जागी ठेवणारी ‘कीचेन’ ही तिचाच एक भाग होती. पॉवरटॉक चाललं नाही, ते गुंडाळताना कीचेनही गेली आणि १९९९मध्ये मॅक ओएस ९बरोबर परत आली. साधारण त्याच काळात इंटरनेट एक्स्प्लोररने फॉर्ममध्ये भरलेली माहिती लक्षात ठेवायला सुरुवात केली होती. तिथे हेतू सुरक्षेपेक्षा टायपिंग वाचवण्याचा जास्त होता.

वेगळ्या मॅनेजरचं घराणं मात्र सुरक्षावाल्यांचं. कूटशास्त्रज्ञ ब्रूस श्नायर यांच्या काउंटरपेन कंपनीने १९९७मध्ये विंडोज ९५साठी ‘पासवर्ड सेफ’ हा छोटासा प्रोग्राम फुकट दिला. सगळं उघडणारा एक मास्टर पासवर्ड, आणि बाकी सगळे श्नायर यांच्याच ‘ब्लोफिश’ पद्धतीने कूटबद्ध केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या, एका फाइलमध्ये. २००३मध्ये आलेला ‘कीपास’ याच वाटेने गेला. फाइल तुमची, पेन ड्राइव्हवर टाकून न्या, हरवली तर तुमचं नशीब! संगणकात मुरलेल्या माणसाला हे ठीक होतं, घरातल्या इतरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग पासवर्डांची संख्या बेसुमार वाढली. बँक, ईमेल, रेल्वेचं तिकीट, ऑर्कुट अशा सगळीकडे खाती झाली आणि बहुतेकांनी सगळीकडे एकच पासवर्ड लावला. डिसेंबर २००९मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीतून तीन कोटी वीस लाख पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते जसेच्या तसे, कसलंही एन्क्रिप्शन न करता साठवले होते. यादीत सगळ्यात लोकप्रिय पासवर्ड निघाला १२३४५६. एका ठिकाणी चोरलेला पासवर्ड दुसरीकडे लावून पाहायचा, हा चोरांचा धंदा तेव्हापासून फोफावत गेला. प्रत्येक खात्याला वेगळा, लांब, निरर्थक पासवर्ड हवा हे पटलं, पण तो लक्षात राहणं शक्य नव्हतं. २००६चं वनपासवर्ड आणि २००८चं लास्टपास यांना गिऱ्हाईक मिळालं ते या अडचणीमुळे. लास्टपासने तर पासवर्डांची ही तिजोरी थेट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली, म्हणजे ऑफिसमधला आणि घरचा संगणक दोन्हीकडे तेच पासवर्ड.

तोवर ब्राउझर कुठे होते? ऑगस्ट २०१३मध्ये एका वेब डेव्हलपरने दाखवून दिलं की उघड्या संगणकावर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘शो’ दाबलं की साठवलेले सगळे पासवर्ड उघडपणे वाचता येतात, मध्ये काहीही विचारलं जात नाही. क्रोमच्या सुरक्षा विभागाचे प्रमुख जस्टिन शू यांनी उत्तर दिलं की ज्याच्या हातात तुमचं लॉगइन आहे तो तसाही काहीही करू शकतो, उगाच खोटा दिलासा कशाला द्यायचा. तर्क चुकीचा नव्हता. पण सायबर कॅफेत किंवा घरातल्या एकाच संगणकावर बसणाऱ्या माणसाला तो काय उपयोगाचा? पुढे क्रोमने संगणकाचा पासवर्ड विचारायला सुरुवात केली. तरी विंडोजवर खरी फट राहिलीच: तुमच्या खात्याखाली चालणारा कुठलाही प्रोग्राम, म्हणजे चोरटा प्रोग्रामसुद्धा, ती साठवण उलगडू शकत होता. ती बुजवण्याचा गंभीर प्रयत्न जुलै २०२४मध्ये, क्रोमच्या १२७व्या आवृत्तीत सुरू झाला, तोही आधी लॉगइन टिकवणाऱ्या कुकीजपासून. पासवर्डांची पाळी नंतरची.

त्यामुळे त्या काळातला सल्ला सरळ होता: ब्राउझरला ‘सेव्ह’ म्हणू नका, वेगळं ॲप घ्या. फोनवर मात्र तो सल्ला पाळणं जिकिरीचं होतं. वेगळ्या ॲपला दुसऱ्या ॲपमध्ये पासवर्ड भरण्याची अधिकृत वाटच नव्हती. कॉपी करायचं, पेस्ट करायचं, नाहीतर दिव्यांगांसाठी असलेल्या ॲक्सेसिबिलिटी सोयीचा आडवळणाने वापर करायचा. अँड्रॉइडने २०१७मध्ये ओरिओ आवृत्तीत आणि ॲपलने २०१८मध्ये आयओएस १२मध्ये दार उघडलं. मात्र ते उघडेपर्यंत आयती सोय बरीच सुधारली होती. २०१३मध्ये आलेल्या आयक्लाउड कीचेनमध्ये पासवर्ड अशा रीतीने कूटबद्ध होतात की ते खुद्द ॲपललाही वाचता येत नाहीत. गूगलच्या मूळ रचनेत मात्र किल्ली गूगल खात्याकडेच असते. ती फक्त आपल्या उपकरणावर ठेवायची असेल तर तशी सेटिंग मुद्दाम निवडावी लागते.

पारडं खरं हललं ते २०२१–२२मध्ये. जून २०२१मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या सॉफ्टवेअरमधल्या फटी शोधणाऱ्या गटातले संशोधक टॅविस ऑर्मंडी यांनी लिहिलं की ब्राउझरमधला मॅनेजरच वापरा. वेगळे मॅनेजर एक्स्टेन्शन म्हणून, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम बनून, वेबपानात घुसतात आणि तिथेच हल्ल्याला वाट मिळते, असा त्यांचा मुद्दा होता. ते गूगलचे नोकर, हे ध्यानात ठेवूनच तो वाचायचा. पण लास्टपासमधल्या चुका त्यांनी याआधी अनेकदा शोधून दाखवल्या होत्या, त्यामुळे तो झटकून टाकण्याजोगाही नव्हता.

पुढच्याच वर्षी लास्टपास खरोखरच फुटलं. ऑगस्ट २०२२मध्ये चोर आत शिरले. नंतर त्यांनी एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्राम, बसवला, त्याचा मास्टर पासवर्ड पकडला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती उचलल्या. कंपनीने हे सांगितलं २२ डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर. पासवर्ड कूटबद्ध होते, पण वेबसाइटांचे पत्ते उघडे होते. शिवाय काही जुन्या खात्यांचं कुलूप जुन्या, हलक्या सेटिंगवरच राहिलं होतं. अशा खात्याचा मास्टर पासवर्ड कच्चा असेल, तर चोराला घरबसल्या हवा तितका वेळ अंदाज लावत बसता येतं. वनपासवर्डची रचना इथे वेगळी ठरते, कारण मास्टर पासवर्डच्या जोडीला ग्राहकाच्या उपकरणावर तयार झालेली एक गुप्त किल्लीही लागते. नुसती सर्व्हरवरची प्रत चोरून काम भागत नाही. म्हणजे ‘वेगळं ॲप’ हा एक गट मानून केलेली तुलनाच मुळात ढोबळ आहे.

आयत्याची खोडही या काळात दिसत राहिली: मालकाचं मन फिरलं की सोय जाते. फायरफॉक्सचं लॉकवाइज ॲप डिसेंबर २०२१मध्ये बंद झालं. मायक्रोसॉफ्टने लॉगइनची खातरजमा करणाऱ्या आपल्या ऑथेंटिकेटर ॲपमधली पासवर्ड साठवण २०२५मध्ये काढून टाकली आणि लोकांना एज ब्राउझरकडे वळवलं. पॉवरटॉकबरोबर कीचेन गेली होती, तसलाच हा प्रकार. वेगळ्यांचंही सगळं गोड नाही. लास्टपासने २०२१मध्ये फुकट खात्यांना संगणक किंवा फोन यांपैकी एकच निवडायला लावलं. त्याच वर्षी अनेकजण २०१६पासून चालू असलेल्या, मुक्तस्रोत (ज्याचा कोड कुणालाही पाहता येतो अशा) बिटवॉर्डनकडे गेले.

आपल्याकडे निवड बहुतेकदा नकळत होते. बहुतांश फोन अँड्रॉइडचे, त्यामुळे खालून वर येणाऱ्या चौकटीत ‘सेव्ह’ दाबलं की पासवर्ड गूगलकडे जातो. बँकांची बात निराळी. कित्येक नेटबँकिंग पानांवर पेस्ट बंद असतं, पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर टिचकावं लागतं आणि मॅनेजर आयता असो वा वेगळा, हात चोळत बसतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने आणि अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७मध्येच सांगितलं होतं की पासवर्ड पेस्ट करू द्या.

आता भांडण पासकीवर, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात ठेवलेल्या गुप्त किल्लीने लॉगइन करण्याच्या पद्धतीवर, सरकलं आहे. मे २०२२मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्टने एकत्र येऊन तिचा पुरस्कार केला. पासवर्ड निदान फाइलमध्ये काढून दुसरीकडे नेता येतो. पासकीला तशी वाट सुरुवातीला नव्हती, जिथे बनवली तिथेच ती अडकायची. आयओएस १७ आणि अँड्रॉइड १४ने २०२३मध्ये वेगळ्या ॲपांनाही पासकी ठेवू दिल्या. ऑक्टोबर २०२४मध्ये फिडो अलायन्स या लॉगइनची मानकं ठरवणाऱ्या कंपन्यांच्या संघाने त्या एका मॅनेजरमधून दुसऱ्यात हलवण्याच्या नियमांचा मसुदा काढला आणि २०२५च्या आयओएस २६मध्ये ॲपलने तशी सोय दिली. कुठलाही मॅनेजर निवडताना मी आता सगळ्यात आधी त्यातून बाहेर पडण्याचं बटण शोधतो.