चित्रपटांतून प्राचीन इतिहासाचे अध्ययन : इंदूर आणि माळवा

मौर्यकाळापासून साधारण बाराव्या शतकापर्यंतच्या भारतावरचे कथापट व मालिका पाहून त्यांतल्या वास्तू, पोशाख, व्यक्ती आणि प्रसंग यांचा अभिलेख, शिल्पे, उत्खनने व जुने वाङ्मय यांच्याशी पडताळा घेण्याची अभ्यासपद्धती. इंदूरच्या मराठी माणसाला ही पद्धत विशेष सोयीची आहे. पडद्यावर येणारी उज्जयिनी त्याच्यापासून तासा-दीड तासावर आहे. बरेच अभ्यासक जिला प्राचीन माहिष्मती मानतात ते महेश्वर दोन-अडीच तासांवर आहे, आणि विदिशा-साँचीला एक मुक्काम पुरतो.

मराठी प्रेक्षकाला हा काळ आधी दिसला तो रंगभूमीवर. अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल १८८० साली आले, पुढे गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचे संस्कृत नाटक मृच्छकटिक मराठीत गाते केले. चित्रपटाने हाच वारसा उचलला. व्ही. शांतारामांनी १९४३ साली ‘शकुंतला’ काढला, तर त्याआधी १९४१ मध्ये सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’ने पोरस आणि अलेक्झांडर समोरासमोर उभे केले. दूरदर्शनवरची ‘भारत एक खोज’ (१९८८, ५३ भाग) ही श्याम बेनेगल यांची मालिका शिक्षकांनी आजही वर्गात लावावी अशी आहे. पौराणिक आणि ऐतिहासिक यांची गल्लत मात्र पहिल्याच दिवशी मोडलेली बरी : हरिश्चंद्राच्या कथेला शिलालेखाचा आधार शोधायचा नसतो, अशोकाच्या कथेला शोधावाच लागतो.

पडताळ्याची सुरुवात महेश्वरपासून करावी. संतोष सिवन यांच्या ‘अशोका’ (२००१) या चित्रपटातील काही दृश्ये इथे चित्रित झाली. अशोकाची कारकीर्द इ.स.पू. २६८ ते २३२ च्या सुमाराची. महेश्वरचे आजचे दगडी रूप घडले ते मुख्यतः अहिल्याबाई होळकरांनी (१७६७–९५) राजधानी तिथे नेल्यावर. घाटावरची विठोजी होळकरांची छत्री तर त्याहूनही नंतरची, कारण विठोजींना पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले ते १८०१ साली. म्हणजे कथा आणि तिच्यामागचा दगड यांत दोन हजार वर्षांचे अंतर आहे. ज्या पायऱ्यांवर आपण लहानपणापासून बसलो त्यांचे वय आपल्याला ठाऊक असते, म्हणून ही चूक इंदूरकराला सगळ्यांत आधी दिसते. एकदा दिसली की मग प्रत्येक चित्रपटात माणूस नटाच्या मागची भिंत पाहू लागतो. खरा प्राचीन काळ तिथेच नर्मदेच्या पैलतीरी आहे. नावडातोली येथे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५२-५३ पासून उत्खनन केले आणि मौर्यांच्याही हजार वर्षे आधीचे ताम्रपाषाणयुगीन गाव उजेडात आले. लाकडी खांब आणि मातीने लिंपलेले कूड यांची गोल व चौकोनी घरे, सोबत रंगीत नक्षीची माळवा मृद्‌भांडी. कॅमेरा त्या काठाकडे सहसा वळत नाही.

मौर्यकाळ म्हटला की चित्रपटात दगडी किल्ला उभा राहतो. मौर्य दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थिनीस याने पाटलिपुत्राच्या लाकडी तटाचे, त्याच्या ६४ दरवाजांचे आणि ५७० बुरुजांचे वर्णन केले आहे आणि लाकडी तटाचे अवशेष पाटण्याजवळ बुलंदीबागेत प्रत्यक्ष सापडले. सम्राट अशोक राजकुमार असताना उज्जयिनीचा सुभेदार होता. त्या नगरीचा तट मातीचा होता, नदीच्या बाजूला लाकडाने बळकट केलेला. गढकालिकेच्या परिसरात १९५०च्या दशकातील उत्खननात तो स्पष्ट झाला.

घरे कशाची असत, याचा सर्वांत सुंदर पुरावा एका चोराने दिला आहे. गिरीश कर्नाड यांचा ‘उत्सव’ (१९८४) मृच्छकटिकावर आधारलेला, उज्जयिनीत घडणारा. मूळ नाटकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला भगदाड पाडायला येतो आणि शास्त्र आठवतो : भाजलेल्या विटा ओढून काढाव्यात, कच्च्या विटा कापाव्यात, मातीची भिंत भिजवावी, लाकडाची फोडावी. मापाचा दोरा घरी विसरल्यामुळे तो जानव्यानेच भिंत मोजतो आणि पक्क्या विटांना शोभेल असे पूर्णकुंभाच्या आकाराचे भोक पाडायचे ठरवतो. चार प्रकारच्या भिंती, आणि त्यांत दगडाची एकही नाही. नाटककाराला हे मुद्दाम सांगायचे नव्हते, म्हणूनच या साक्षीचे मोल मोठे. ‘उत्सव’मधला कामसूत्रकार वात्स्यायन मात्र चित्रपटाची भर आहे, शूद्रकाच्या नाटकात तो नाही. चित्रपट आधी पाहून मग देवलांचे मराठी मृच्छकटिक आणि शेवटी मूळ संस्कृत, असा क्रम लावला तर कोणत्या काळाने काय घातले आणि काय गाळले हे आपोआप सुटे होते.

व्यक्तींच्या बाबतीत ‘अशोका’तील कौरवकी अभ्यासण्याजोगी आहे. तिथे ती कलिंगची राजकन्या आहे. अभिलेखात कारुवाकी भेटते ती अलाहाबादच्या स्तंभावर : अशोकाची दुसरी राणी, तीवराची आई, आणि तिने दिलेल्या आंबराया, बागा व दानगृहे यांची नोंद तिच्याच नावे व्हावी अशी आज्ञा. कलिंगचा उल्लेख तिथे नाही. अशोकाची विदिशेची पत्नी देवी, तिची हकीकत श्रीलंकेतील बौद्ध ग्रंथांतून येते. कलिंगयुद्धाचे आकडे तेराव्या शिलालेखात खुद्द अशोकाने दिले आहेत : एक लाख मारले गेले, दीड लाख हलवले गेले आणि त्याहून कितीतरी अधिक नंतर मेले. हा लेख कलिंगमधल्या धौली व जौगड इथे कोरलेलाच नाही. तिथे त्या जागी वेगळे लेख आहेत. प्रस्तुत नोंदकाराला हे मौन कोणत्याही रणदृश्यापेक्षा जास्त बोलके वाटते.

वेशभूषेत ‘आम्रपाली’ (१९६६) मैलाचा दगड ठरला. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी त्यासाठी अजिंठ्याच्या चित्रांचा आधार घेतला. परिणाम देखणा आहे. पण वैशालीची नर्तिका आम्रपाली बुद्धकालीन, आणि अजिंठ्याची बहुतेक चित्रे पाचव्या शतकातली, म्हणजे सुमारे हजार वर्षे नंतरची. त्या काळाच्या जास्त जवळ जायचे तर इ.स.पू. पहिल्या शतकातील साँचीची तोरणे पाहावीत. तिथे फेटे, दागिने, लाकडी सज्जे, रथ, बैलगाड्या सगळे कोरलेले आहे. बाजाराची दृश्ये पाहताना टोपल्यांत डोकावावे. इंदूरच्या सराफा बाजारात आपण चवीने खातो त्या भुट्ट्याच्या किसातला मकाही आणि मिरचीही अमेरिकेतून आलेली. सोळाव्या शतकाआधीच्या कोणत्याही राजाच्या ताटात यांतले काही नव्हते.

पूर्वमध्ययुग पडद्यावर तुलनेने कमी येते. मणिरत्नम यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’ने (२०२२, २०२३) दहाव्या शतकातील चोळ घराणे देशभर पोहोचवले. चोळ युवराज आदित्य करिकालाच्या खुनाचे गूढ त्यात आहे, आणि तमिळनाडूतील उडैयारगुडीच्या शिलालेखात त्या खुनातल्या अपराध्यांची नावे आजही वाचता येतात. या चित्रपटांचे काही चित्रण बुंदेल्यांच्या ओरछ्यात झाले. तिथले महाल कथेतल्या काळानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी उभे राहिले. माळव्याचे स्वतःचे त्या काळातले राजे परमार. त्यांच्या शिल्पकलेचा उत्तम संग्रह इंदूरच्या केंद्रीय संग्रहालयात, हिंगलाजगडच्या मूर्तींच्या दालनात आहे. केशरचना आणि अलंकार यांचे इतके नेमके तपशील कोणत्याही वेशभूषाकाराला हेवा वाटावा असे आहेत. भोज राजाच्या (अकरावे शतक) नावाने ओळखले जाणारे भोपाळजवळच्या भोजपूरचे मंदिर अर्धवट राहिले, आणि म्हणूनच ते शिकवते. मंदिराच्या आसपासच्या खडकांवर खांब, शिखर आणि मांडणीचे आराखडे कोरलेले आहेत, आणि मागच्या बाजूला प्रचंड शिळा वर चढवण्यासाठी घातलेला मातीचा उतार तसाच उभा आहे.